ब्रश पॅक राहू दे, आधी दिवा कुठे ठेवणार ते ठरव

प्रश्न असा आहे. डिचोलीचा एक मुलगा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, गेले आठ महिने लॅपटॉपवर स्वतःच्या डोक्यातला एक राक्षस काढतोय. नाव ठेवलंय धगासुर. चार शिंगं, लालभडक कातडी, वटवाघळासारखे पंख आणि छातीत पेटलेला निखारा. लाइनआर्ट, म्हणजे नुसतं रेघांचं चित्र, चांगली येते, फ्लॅट कलर, म्हणजे सपाट रंग, भरेपर्यंत सगळं बरं दिसतं, पण शेडिंग केलं की "प्लॅस्टिकचं खेळणं चिखलात पडल्यासारखं" होतं, हे त्याचेच शब्द. सोबत चार चित्रं टाकलीत आणि विचारतो की ताई, सॉफ्टवेअरमधल्या तयार ब्रशांचा कुठला ब्रश पॅक घेऊ, आणि स्क्रीनवाला टॅबलेट घेतला तर फरक पडेल का.

ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करते.

पैशाचं आधी संपवते. घेऊ नकोस, दोन्ही नको. तुझ्याकडे जो बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट आहे तो पुरे आहे, मी स्वतः सात वर्षं तसल्यावरच कामं केली आणि घरभाडं भरलं. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि तुझ्या लॅपटॉपवर ए-फोर साइज ३०० डीपीआयला, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, दहा-बारा लेयरपर्यंत, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांपर्यंत, आरामात चालेल. ब्रशचं म्हणशील तर कडक गोल ब्रश, जो प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असतोच, तो घे आणि पुढचे दोन महिने दुसऱ्या कशाला हात लावू नको. एक खर्च मात्र कर, जुना सुती पायमोजा काप आणि करंगळीवर चढव, पावसात आपल्याकडे हात टॅबलेटला असा चिकटतो की रेघ अर्ध्यात थांबते. बरं, तो खर्च पण नाहीच.

आता खरा प्रॉब्लेम. तू टाकलेली चारही चित्रं मी मोठी करून बघितली. चारहींमध्ये एकच गोष्ट आहे, प्रत्येक आकाराच्या कडेला काळोख आणि मधोमध उजेड. दंडाच्या कडा काळ्या मध्ये उजेड, मांडीच्या कडा काळ्या मध्ये उजेड, शिंगाचं तसंच, नाकाचं पण तसंच. याला पिलो शेडिंग म्हणतात, कारण सगळं उशीसारखं फुगलेलं दिसतं. हे होतं कशाने, तर तू उजेड काढतच नाहीयेस, तू तुझ्याच रेघेच्या आतल्या बाजूने मळ भरतोयस. मी विचारलं की या चित्रात दिवा कुठे आहे तर तुला सांगता येणार नाही, कारण तो ठरलेलाच नाही. शेडिंग येत नाही असं तुझं नाहीये, शेडिंग कशाचं करायचं हेच अजून ठरलेलं नाही, आणि ते कुठल्याही ब्रश पॅकमध्ये मिळत नाही.

मला हे कुठे कळलं ते सांगते, कारण तू गोव्यातला आहेस म्हणजे तुला लगेच दिसेल. आमच्या वाड्यावर दरवर्षी दिवाळीला पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा व्हायचा. पोरं बांबूचा सांगाडा बांधायची, आत गवत कोंबायची, वरून रद्दी पेपर खळीने चिकटवायची, आणि मुखवटा रंगवायचं काम माझ्याकडे कारण ड्रॉइंगला बक्षीस मिळालं होतं असं सगळ्यांना माहीत होतं. एका वर्षी मी त्या तोंडावर भरपूर शेडिंग केलं, गालाखाली काळं, भुवईखाली काळं, नाकाच्या दोन्ही बाजूंना काळं, दुपारी मांडवात बघितलं तर एकदम भारी. रात्री कुणीतरी हॅलोजन आणून जमिनीवर ठेवला, उजेड खालून वर. आणि माझं सगळं शेडिंग उलटं पडलं. जिथे मी काळं मारलं होतं तिथेच उजेड पडत होता, म्हणून गाल चपटे, नाक गायब. पण बाजूच्या वाड्याचा नरकासुर, ज्यांनी तोंडाला नुसता एक पिवळा आणि एक तांबडा थापला होता, तो त्याच उजेडात असा भयंकर दिसत होता की लहान पोरं जवळ जाईनात. कारण त्यांनी मुखवट्याला खरा उठाव दिला होता, भुवया बोटभर पुढे आलेल्या, गालाची हाडं वर काढलेली, बाकीचं काम हॅलोजनने केलं. पहाटे दोन्ही जळाले ते सोड. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलं की सावली म्हणजे आकार आणि दिवा या दोघांचं भांडण आहे, आपण फक्त ते बघून लिहून घ्यायचं.

राक्षस निवडलास ते शिकायला चांगलंही आहे आणि वाईटही. चांगलं यासाठी की एकाच अंगावर तुला कातडी, शिंग, पातळ पंख, नखं, आग असं सगळं मिळतं, आणि आपलाच कॅरेक्टर असल्यामुळे पन्नास वेळा काढायला कंटाळा येत नाही, जो चेंडू किंवा ठोकळा काढताना तिसऱ्या दिवशी येतो. वाईट यासाठी की धगासुराला कुणी बघितलेलं नाही. माणसाचं तोंड चुकलं तर घरातली आजी पण सांगते की डोळा वाकडा झालाय, पण राक्षसाचं चुकलं तर "असेल तसाच" म्हणून सुटतं, बघणाऱ्याचंही आणि आपलंही. मग आपण वर्षभर चुका लपवत बसतो आणि त्याला स्टाइल म्हणतो. (मी म्हटलंय, तीन वर्षं.)

म्हणून त्याच्या प्रत्येक अवयवाला एक खरी गोष्ट नेमून टाक. शिंगं म्हशीची, ती तुला बघायला कुठे लांब जायला नको. पंख वटवाघळाचे म्हणतोसच, पण जवळून बघायला वटवाघूळ थोडीच मिळणार, तर केळीचं पान घे, त्याचं पुढे सांगते. कातडी घोरपडीची किंवा खेकड्याच्या पाठीची, जे तुला पटेल ते, पण एकच.

आणि आता घरचा अभ्यास, हा टाळू नको. चवथीच्या आधी कुठल्याही चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती करतात तिथे, जा आणि मुठीएवढा मातीचा गोळा माग, मूर्तीवाले देतात, नसेल तर शाळेतली क्ले चालेल. धगासुराचं डोकं कर. सुंदर व्हायला नको, भुवईचं हाड, नाक, गाल, हनुवटी, शिंगाचे चार खुंट एवढं कळलं की झालं. रात्री खोलीत अंधार कर, मोबाइलचा टॉर्च लाव आणि फिरव. वरून, बाजूने, खालून, मागून. प्रत्येकाचा फोटो काढ दुसऱ्या मोबाइलने. एक तासाचं काम आहे, पण तुझ्याकडे तुझ्याच राक्षसाचे वीस रेफरन्स तयार होतील जे जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

मग रंग बंद. महिनाभर नुसतं करड्यात काढ, आणि सुरुवातीला तर दोनच टोन, उजेड आणि सावली, मध्ये काहीही नाही. फोटोकडे डोळे बारीक करून बघ, जिथे टॉर्च पोचतो ते सगळं एक, जिथे पोचत नाही ते सगळं दुसरं. वाटतं तेवढं सोपं नाही, कारण हात सारखा मधला टोन मारायला शिवशिवतो. आपल्या देवळांवरची काव कला आठव, चुन्याच्या गिलाव्यावर जांभ्याच्या मातीचा तांबडा थर देऊन तो खरवडून काढलेली, तिथे कलाकाराकडे तांबडा आणि पांढरा एवढंच असतं, तरी वेल, मोर, माणसं सगळी वाचता येतात. तुझा धगासुर दोन टोनमध्ये ओळखू येत नसेल तर वीस टोनमध्ये पण येणार नाही.

दोन टोन जमले की मग तीन-चार कर. इथे तुला काही शब्द लागतील. उजेडाकडून काळोखाकडे आकार जिथे वळतो ती रेघ, तिच्या लगेच पलीकडे सावली सगळ्यात गडद असते, तिला कोअर शॅडो म्हणतात. त्याच्या पुढे सावलीतच परत थोडं उजळतं कारण जमिनीवरून, भिंतीवरून उजेड उडून येतो, तो रिफ्लेक्टेड लाइट. चुन्याच्या भिंतीसमोर चिऱ्याचं अंगण असलं की दुपारी भिंतीच्या खालच्या भागावर तांबूस झाक दिसते बघ, तो हाच. आणि एका गोष्टीची सावली दुसऱ्यावर पडते, शिंगाची कपाळावर, हनुवटीची गळ्यावर, ती कास्ट शॅडो. तुझ्या चार चित्रांत कास्ट शॅडो एकही नाही. शिंगं म्हणून तर चिकटवल्यासारखी वाटतात.

रिफ्लेक्टेड लाइटमध्ये सगळे नवीन लोक फसतात, तो कळला की इतका आवडतो की सगळीकडे मारतात आणि सावलीची सावली राहत नाही. मी एकच नियम पाळते, सावलीतला सगळ्यात उजळ भाग हा उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. अपवाद असतात, चकचकीत धातू असेल किंवा मुद्दाम दोन दिवे असतील तेव्हा, पण ते नंतर बघू.

तर आत्तापर्यंत काय झालं, एक दिवा ठरवायचा, मातीच्या डोक्यावर तो बघायचा, दोन टोनमध्ये मांडायचं, मग मधले टोन. ब्रश अजून तोच कडक गोल आहे आणि रंग अजून आलेला नाही.

आता मळकटपणा. तू लिहिलंयस की वरच्या लेयरला मल्टिप्लाय मोड लावतो, त्यात जांभळा भरतो, आणि तरी सावली थंड दिसत नाही, नुसता लाल काळवंडतो. बरोबर, तसंच होणार. मल्टिप्लाय म्हणजे खालच्या आणि वरच्या रंगाचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे ० ते १ च्या मापात धरून एकमेकांशी गुणले जातात, म्हणजे तो फक्त कमी करू शकतो, नवीन काही आणू शकत नाही. तुझी कातडी जवळपास शुद्ध लाल, समजा २५५ पैकी २००, ४०, ३०. तिच्यात निळा मुळातच एवढासा आहे, तर वरून कितीही जांभळा गुणलास तरी निळसर झाक येणार कुठून? माझं मत, लाल कॅरेक्टरला मल्टिप्लाय विसर. नॉर्मल लेयर घे, खालच्या फ्लॅटवर क्लिपिंग लाव म्हणजे बाहेर सांडणार नाही, आणि सावलीचा रंग स्वतः मिसळून भर, गडद तांबूस-जांभळा, ८५, २८, ५२ च्या आसपास. निळसर किंवा हिरवी कातडी असती तर मी मल्टिप्लायला नाही म्हटलं नसतं.

प्लॅस्टिकसारखं दिसतं त्याचं कारण दुसऱ्या टोकाला आहे. उजेडासाठी तू पांढरा घेऊन हलका हलका मारलायस. लालात पांढरा गेला की गुलाबी होतो, जत्रेतल्या खाजाच्या दुकानाशेजारी प्लॅस्टिकच्या बाहुल्या असतात तसला गुलाबी. लाल कातडीवर पिवळसर दिवा असेल तर उजेडाकडे रंग नारिंगीकडे सरकव, आणि पांढऱ्याच्या जवळ जाणारा टिपका फक्त जिथे खरंच ओलं किंवा गुळगुळीत आहे तिथे, डोळा, खालचा ओठ, नख.

टोन तपासायची पण एक गोची आहे, ती मला कुणी सांगितली नव्हती. चित्र ग्रेस्केल करून बघ म्हणतात, बरोबर आहे, पण डिसॅच्युरेटची, म्हणजे रंग काढून टाकायची, कमांड मारून करू नको. फोटोशॉपमध्ये ती कमांड शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा तिघांनाही एकच करडा देते. डोळ्याला ते तसे दिसत नाहीत, उजळपणा मोजायच्या ० ते १०० च्या लॅब स्केलवर शुद्ध निळा ३२ वर असतो, लाल ५३ वर आणि पिवळा ९७ वर. त्यापेक्षा सगळ्यात वर एक लेयर घे, तो काळ्याने भर आणि त्याचा मोड कलर ठेव, की खाली खरे टोन दिसतात, लेयरशेजारचं डोळ्याच्या चित्राचं बटण दाबून चालू-बंद करत राहायचं. तुझं चौथं चित्र मी असं बघितलं. लाल छाती, तांबडे पंख आणि मागचं किरमिजी आभाळ, तिन्ही एकच करडे निघाले, म्हणून तर तो आभाळात बुडालाय.

कडांबद्दल थोडं, कारण एअरब्रश, तो मऊ कडांचा फवारा, तुझा लाडका दिसतोय. कडा किती मऊ हे दोन गोष्टींवर ठरतं, दिवा केवढा आणि आकार किती गोल. एप्रिलच्या दुपारी माडाची सावली अंगणात कापून ठेवल्यासारखी पडते कारण सूर्य आपल्याला आभाळात एवढासाच दिसतो, आणि जुलैमध्ये सगळं आभाळच दिवा झालेलं असतं, तेव्हा माडाखाली सावली शोधावी लागते. तू धगासुराला एप्रिलमध्ये उभा केलायस की जुलैमध्ये? एप्रिल असेल तर कास्ट शॅडोची कडा कडक, विशेषतः शिंगाच्या मुळाशी, आणि लांब जाईल तशी थोडी विरघळलेली. गालासारख्या गोल जागी मऊ, नाकाच्या हाडावर कडक. सगळीकडे मऊ मारलं की धुकं होतं. वेळ मिळाला तर पणजीला फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेत जाऊन चित्रकार आंतोनियो शाविएर त्रिंदाद (१८७० ते १९३५) यांची पोर्ट्रेट्स बघ आणि फक्त कडा बघ, कुठे सुरीसारखी आहे आणि कुठे कपडा अंधारात हरवलाय. मडगावचेच चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६ ते १९७१), त्यांची जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं कुणाच्या घरी माळ्यावर असतील तर ती पण काढ, सपाट रंगाच्या शेजारी चार फटकाऱ्यांत गाल कसा वळवतात ते कळेल.

पंख. केळीचं पान सूर्याकडे धरून खालून बघ. वरून बघतोस तो हिरवा आणि खालून उजेड आरपार येतो तो हिरवा यात केवढा फरक आहे, आरपारचा जास्त पिवळा, जास्त चमकदार, आणि मधला दांडा काळपट. पंखाचा पडदा तसाच असणार, पातळ. दिवा मागे असेल तर पडदा हा सावलीचा भाग नाही, तो पेटलेला भाग, आणि हाडं गडद. तू नेमकं उलटं केलंयस. शिंगाचं फार नाही, ते वाकवलेलं गाजर समज, मुळाशी आडव्या वळ्या आणि टोकाकडे गुळगुळीत, म्हणून हायलाइट मुळाशी तुटक आणि टोकाला लांब बारीक.

निखाऱ्यावर मात्र मी जरा थांबणार, कारण तोच तुझ्या कॅरेक्टरचा जीव आहे. तू छातीत पिवळा भरलास, त्यावर रंग उजळवणाऱ्या ॲड मोडमध्ये नारिंगी धूर फवारलास, आणि तरी तो पेटलेला वाटत नाही, स्टिकर वाटतो. दोन कारणं. एक, बाकीचं अंग इतकं उजळ आहे की निखाऱ्याला चमकायला जागाच नाही, भर दुपारी पणती लावल्यासारखं. दुसरं, निखारा पेटलाय पण त्याचा उजेड कशावरही पडत नाही. तो हनुवटीच्या खालच्या बाजूवर पडायला हवा, हातांच्या आतल्या बाजूंवर, बरगड्यांच्या निखाऱ्याकडे तोंड असलेल्या कडांवर, आणि अंतराबरोबर झपाट्याने संपायला हवा, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. म्हणजे छातीवर भरपूर, हनुवटीवर थोडा, शिंगाच्या टोकावर नाहीच. माझा सल्ला, वरचा दिवा जवळजवळ विझव, निळसर अंधुक चांदणं ठेव आणि निखाऱ्यालाच मुख्य दिवा कर. मातीच्या डोक्याखाली मोबाइल ठेवून काढलेला फोटो इथे कामाला येईल, आमच्या हॅलोजनसारखाच.

इथे माझी एक फजिती. पहिल्या मोठ्या कामात मी असाच एक निखारेवाला राक्षस काढला, डाव्या बाजूचा सूर्य आणि पोटातली आग दोघांना सारखीच पॉवर दिली कारण दोन्ही आवडत होते, स्क्रीनवर झगमग. छापून आलं तेव्हा नारिंगी विटकरी झाला होता आणि राक्षस कुठला, आग कुठली, काही कळेना. चूक माझी, स्क्रीनचा झगझगीत नारिंगी छपाईच्या चार शाईंत बसत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण टोन नीट असते तर रंग मेल्यावर पण चित्र उभं राहिलं असतं.

आता हे सगळं तुला किती लागू आहे ते तुझ्यावर आहे. कॉमिक करायचं असेल, पानामागून पान, तर दोन टोन आणि एक कडक सावली इथेच थांब, त्यापुढचं रेंडरिंग, म्हणजे बारीक शेडिंगचं काम, तुला महिन्याला दोन पानं पण करू देणार नाही. कव्हर किंवा कार्डसारखं एकेक चित्र करायचं असेल तर पुढे जा. आधी करड्यात करून मग वर रंग चढवायचा की थेट रंगात करायचं यावर लोक भांडतात, मी शिकताना करड्यात केलं आणि आता थेट करते, कारण करड्यावर चढवलेला रंग सावलीत मेल्यासारखा होतो आणि तो जिवंत करण्यातच वेळ जातो. पण तू अजून टोन पकडतोयस, तू करड्यातच कर.

आणि फाइल दर दहा मिनिटांनी सेव्ह कर रे, पाऊस आणि वीज तुला सांगायला नको.

पुढच्या वेळी टाकशील तेव्हा चारच्या ऐवजी एकच चित्र टाक, दोन टोनचं, आणि बाजूला मातीच्या डोक्याचा टॉर्चवाला फोटो. दोन्ही जवळ जवळ असले की मला काही बोलायला लागणार नाही, तुलाच दिसेल कुठल्या बाजूचा गाल खोटा आहे.